बाबल, कौस सुटलाय

बाबल, तुझा बोर्ड मी ऑगस्टमध्ये काचा बंद केलेल्या गाडीत नऊ तास ठेवला.

हे तुला माहीत आहे. तरी आधी तेच सांगतो, कारण स्वतःच्या गाढवपणापासून सुरुवात केली की मला पुढचं बोलता येतं, आणि या खेपेला पुढचं बोलणं सोपं नाही. जागा शुऐबाची, आमच्या कारखान्याचं पार्किंग. सावलीतली जागा साहेबांच्या गाडीने घेतलेली. कारखाना पॉलिथिलीनचा. लाटांवर घसरायचा तुझा बोर्डही पॉलिथिलीनचा. ते तापल्यावर त्याचं काय होतं हे अख्ख्या कुवेतमध्ये ज्या मोजक्या माणसांनी पगार घेऊन जाणायचं होतं, त्यांतला मी एक. संध्याकाळी दार उघडलं तर मागच्या सीटवर भलामोठा पिवळा पापड. पुढचं टोक वर वळलेलं, खालचा गुळगुळीत थर पुरीसारखा टम्म फुगलेला. मी एक फोड बोटाने दाबला. तो बसला आणि वीतभर पलीकडे दुसरा उठला. मग तो दाबला. हा उद्योग मी बराच वेळ, टाय घालून, गाडीत अर्धा वाकून करत होतो.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. काल सकाळी उठलो तर खिडकीची काच बाहेरून ओली. गॅलरीत वाळत टाकलेला टॉवेल आदल्या दिवसापेक्षा जास्त भिजलेला. कौस. आग्नेयेकडून येणारा हा दमट वारा. थंडीत उत्तरेचा कोरडा वारा सुटायच्या आधी दोन दिवस येतो, आणि एरवी बशीतल्या चहासारखं पडून असलेलं हे आखात जागं करतो. वर्षातून पाच-सात वेळा. त्या पाच-सात वेळांसाठी आपण उरलेलं वर्ष काढायचो. मी मंजिरीला म्हटलं, "कौस सुटलाय." ती म्हणाली, "मग कपडे आत घे." बायको बरोबरच बोलली. पण या गावात आता 'कौस सुटलाय' म्हटल्यावर कपडे आत घेण्यापलीकडे काही सुचणारा माणूसच उरला नाही, बाबल.

पूर्वी मला काचेकडे बघावं लागत नसे. तू बनेद अल-गारच्या तुझ्या फ्लॅटची खिडकी उघडून नाक बाहेर काढायचास आणि माझ्या पेजरवर तीन वेळा सात यायचे, म्हणजे लाटा आल्या, निघ. मी मीटिंगमध्ये असायचो. मग माझं पोट दुखायला लागायचं. एका हिवाळ्यात ते इतक्यांदा दुखलं की साहेबांनी काळजीने मला तपासणीला पाठवलं, आणि पाठवलं ते नेमकं तुझ्या हॉस्पिटलात. तू माझ्या पोटाचा फोटो काढलास आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "नाशिककरा, हयसर लाट दिसता."

आपली पहिली भेटही तिथलीच. तू एक्स-रे काढणारा, मी मोडलेल्या बरगडीचा मालक. मी सुपरमार्केटातून एक स्वस्तातला बोर्ड उचलला होता. पोटावर पडून लाटेवरून घसरत किनाऱ्याला यायचं, एवढं मला त्यावरच्या चित्रावरून समजलं होतं. बरोबर मेणाची एक वडी मिळाली होती. कॅरमच्या पटावर सोंगटी सरकावी म्हणून आपण पावडर टाकतो, त्या न्यायाने मी ते मेण बोर्डाच्या खालच्या बाजूला चोपडलं. ते वरच्या बाजूला लावायचं असतं, माणूस घसरू नये म्हणून. पहिल्याच लाटेला बोर्ड जागच्या जागी थांबला, मी त्याच्यावरून पुढे गेलो आणि मग तो माझ्यावरून पुढे गेला. हे सगळं तू मशीनपाशी उभा राहून ऐकलंस. "श्वास धरून ठेवा, हलू नका," असं सांगणारा माणूसच हसून हलत होता. तीन वेळा फोटो काढावा लागला. तिसऱ्यांदा तू विचारलंस, "ह्यो बोर्ड खंय आसा तुमचो?" तेव्हा तू मला अहो-जाहो करत होतास. ती पहिली आणि शेवटची वेळ.

पुढच्या शुक्रवारी तू नुसता बघायला आलास. फुलपँट घालून.

त्या दिवसांतला तो किनारा आता कुणाला सांगून पटत नाही. सबाह अल-सालेमच्या बाजूला, जिथे आता फरशा आणि बाकडी आहेत, तिथे नुसती वाळू होती. युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती, आणि कुठेकुठे सुरुंगांपासून सावध राहायच्या गंजक्या पाट्या अजून उभ्या होत्या. अमेरिकेत कॉलेज करून परत आलेल्या कुवेती मुलांनी येताना बोर्ड आणले होते. चांगला कौस असला की वीस-पंचवीस गाड्या समुद्राकडे तोंड करून लागायच्या, थर्मासमधला चहा फिरायचा, कुणी लाट छान घेतली की सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजायचे. त्या सगळ्यांचा राजा फैसल. बँकेत नोकरी, चेहरा नेहमी नुकताच झोपून उठल्यासारखा. बाकीचे पोटावर यायचे, तो एक गुडघा बोर्डावर टेकून आणि दुसरा पाय पुढे रोवून यायचा, जणू कुणाकडून मुजरा घेतोय. आणि रेने, फहाहीलच्या सलूनमधला फिलिपिनो न्हावी. तो लाटेवर भोवऱ्यासारखा गरागरा फिरायचा, एका लाटेत दोनदा, आणि बाहेर येऊन आधी आरशात भांग बघायचा. हे दोघं होते तोवर तिसऱ्याचं नाव कुणी घेत नसे.

तू माझा बोर्ड मागितलास, पँट दुमडलीस आणि आत गेलास. पायात फिन्स नाहीत, दोरी बांधलेली नाही. पाच लाटा तू नुसत्या जाऊ दिल्यास. मला वाटलं, बिचारा घाबरला. सहावीला तू मान वळवलीस, दोनदा हात मारलेस आणि ती लाट तुला थेट गाड्यांच्या समोर आणून सोडून गेली, जशी एखादी बस रोजच्या प्रवाशाला सोडते. फैसल गाडीच्या टपावर बसला होता. तो म्हणाला, "हू इज दॅट?" मी म्हटलं, "माय एक्स-रे मॅन." 

वेंगुर्ल्याला मोडलेल्या होडीच्या फळीवर पडून तू लहानपणी हेच करायचास, हे तू नंतर सांगितलंस. त्याला काही नाव असतं आणि त्यासाठी लोक वेगळी चड्डी विकत घेतात याचं तुला फार हसू आलं होतं. फैसलने पुढच्या वर्षी तुला अमेरिकेहून तो पिवळा बोर्ड आणून दिला. तू त्याला माझ्यासमोर एकदाही 'माझा बोर्ड' म्हणाला नाहीस, 'फळी' म्हणायचास.

आपलं एक भांडण मात्र पहिल्या दिवसापासून होतं आणि ते तसंच अर्धं राहिलं. तू या पाण्याला समुद्र मानायलाच तयार नव्हतास. "मेल्या, ह्यो दर्या नाय, ही तळी." मी नकाशे काढायचो. क्षारता सांगायचो. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून हे पाणी अरबी समुद्रालाच जाऊन मिळतं, हे कागदावर काढून दाखवायचो. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "तुझ्या नाशकात कुंडां आसत, म्हणान तुका तळ्याचा कौतुक." मला वाटायचं हा कोकणी माज आहे. रामकुंडात पोहायला शिकलेल्या माणसाला चिडवायची तुझी रीत. तिच्यात आणखी काही असेल असं मला दहा-बारा वर्षांत कधी वाटलं नाही. एवढा मी हुशार.

आता एक कबुली. त्या तीन दिवस चाललेल्या कौसातल्या तुझ्या लाटेची गोष्ट मी इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितली आहे. जुन्या धक्क्याच्या दगडांपाशी, जिथे कुणीच पाण्यात उतरत नसे, तिथे तू एकटा जाऊन तरंगत होतास. लाट उठली, तू तिच्या अंगावरून तिरका सुटलास, ती फुटता फुटता तिच्याबरोबर वर गेलास, हवेत अख्खी कोलांटी घेतलीस, पुन्हा त्याच लाटेवर पडलास आणि किनाऱ्याला येऊन चड्डीची नाडी नीट केलीस. हॉर्न थांबेनात. फैसल गाडीवरून उतरून पाण्यात गुडघाभर आला आणि त्याने तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हे दोनशे वेळा तरी सांगितलं असेल, हातवारे करून. बाबल, मी ते पाहिलेलं नाही. माझ्या चष्म्यावर मीठ बसलं होतं. मी चष्मा शर्टाला पुसत होतो, हॉर्न ऐकून वर बघितलं तेव्हा तू नाडी बांधत होतास. कोलांटी मला रेनेने सांगितली. तुला तेव्हाच कळलं असणार, कारण मी उगाच फार वर्णन करायला लागलो तसं तू हळूच म्हणालास, "लाट बघूची नसता रे, आयकूची असता." मी याला तत्त्वज्ञान समजलो आणि तेही गोष्टीत घातलं.

आता ओमान.

उन्हाळ्यात आखात मेलेलं असतं, पण ओमानच्या पलीकडच्या अंगाला अरबी समुद्र उघडा लागतो आणि पावसाळ्यात तिथे खऱ्या लाटा येतात, हे फैसलने शोधून काढलं होतं. तो, रेने आणि तू. ऑगस्टचा पहिला आठवडा. तो तुला विचारायला आला तेव्हा मी होतोच. तू म्हणालास, "बघू." फैसलला हे मराठी 'बघू' कळलं नाही. मला कळायला हवं होतं. मी उलट त्याला सांगितलं, "ही मीन्स येस." तुझी रजा मंजूर झाली, व्हिसा आला, आणि तुझ्यापेक्षा मीच जास्त नाचायला लागलो. आपला माणूस खऱ्या समुद्रावर जाणार. मी भेटेल त्याला सांगत सुटलो. तू त्या पंधरा दिवसांत फारसा बोलत नव्हतास, जेवणावर लक्ष नव्हतं. मी म्हटलं, मोठ्या सामन्याआधी खेळाडूंचं असंच होतं.

त्यात बोर्डाच्या शेपटाकडचा सांधा जरा सुटला. तू म्हणालास, ऱ्हवांदे. मी म्हटलं, छे, पॉलिथिलीन म्हणजे माझ्या घरचं काम, वर्कशॉपमध्ये गरम हवेने पाच मिनिटांत चिकटवून आणतो. गरम हवा त्याला नऊ तास मिळाली.

दोन दिवस मी तुझ्याशी खोटं बोललो. चिकटलाय, थंड होतोय, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी, तुम्ही निघायला दोन दिवस उरले असताना, तो पापड चादरीत गुंडाळून तुझ्या दारात उभा राहिलो. चादर मंजिरीच्या लग्नातली, तेही नंतर भोगलं. तू चादर उलगडलीस. फोडांवरून बोट फिरवलंस, शांतपणे, पेशंटचा हात चाचपावा तसं. मग म्हणालास, "बरां झाला." आणि विचारलंस, "चाय पितलस?" आणि आत गेलास. चहाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तू आत होतास. मी बाहेर बसून ऐकत होतो, आतून काही आवाज येतो का. मला वाटलं, रडतोयस. शुभा वहिनी आत होत्या, त्यांच्याशी हळू काहीतरी बोललास. माझी आत यायची हिंमत झाली नाही.

फैसल म्हणाला, माझ्याकडे दुसरा बोर्ड आहे, तो घे. तू म्हणालास, दुसऱ्याच्या फळीवर मी त्या पाण्यात उतरणार नाही. फैसल माझ्याकडे बघून खांदे उडवून गेला. ते दोघं गेले आणि आठवड्याने काळे ठिक्कर होऊन परत आले. घराएवढ्या लाटा, रेने सांगत होता, एकदा तर त्याचा भांगसुद्धा विस्कटला. तू त्यांना खोदून खोदून विचारत होतास. पाण्याचा रंग कसा होता, फेस पिवळट होता का, ओढ कुठल्या बाजूला होती, किनाऱ्यावर कोळी होते का, होड्या वर ओढलेल्या होत्या की पाण्यात. शेवटचा प्रश्न तू दोनदा विचारलास. मी तिथून उठून गाडीत जाऊन बसलो. काचा उघड्या ठेवून.

त्यानंतर दहा वर्षं मी तुझ्यासाठी तो बोर्ड शोधत होतो. दर रजेत, दर गावात. न्यू जर्सीच्या मामेभावाला फोनवर रंग, लांबी, कंपनी सगळं सांगितलं. तीन महिन्यांनी खोका आला. उघडला तर आत लहान मुलांचा निळा बोर्ड, त्यावर हसरा डॉल्फिन. तू तो तुझ्या लेकीला, केतकीला दिलास. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तू म्हणालास, "मासो बरो आसा." ही सगळी वर्षं तू मला एका शब्दाने टोचलं नाहीस, आणि तेच मला टोचत राहिलं. दर शुक्रवारी मी तुला न्यायला यायचो, तुझं सामान मीच उचलायचो, तू माझा जुना बोर्ड घेऊन पाण्यात असलास की टॉवेल घेऊन काठावर उभा. मंजिरी म्हणायची, तुमचं लग्न त्यांच्याशी झालंय का. मी म्हणायचो, प्रायश्चित्त आहे. शब्द मोठा होता, मला आवडायचा.

मग हळूहळू सगळं आटलं. पतंगाला लटकून पाण्यावरून पळणारे आले, त्यांना लाट नको असते, नुसता वारा पुरतो. किनाऱ्यावर दगडी बांध झाले, धक्क्यापाशी लाट फुटायची थांबली. फैसलचं लग्न झालं, त्याला बढती मिळाली आणि पोट सुटलं. रेने कॅनडाला गेला. एका कौसाला तू आणि मी दोघंच होतो, आणि काठावर एकच गाडी, ती माझी. तू एक लाट घेऊन आलास तेव्हा मी पळत जाऊन हॉर्न वाजवला. एकाच गाडीचा हॉर्न फार वाईट वाजतो. तू हात करून 'पुरे' म्हणालास.

शेवटच्या हिवाळ्यात आपण बनेद अल-गारच्या कठड्यावर बसायचो, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, कागदी कपात चहा घेऊन. एकदा तू बराच वेळ पाण्याकडे बघत होतास. मी ठरवून आलो होतो की आज विचारायचंच: बाबल, माझ्यामुळे तुझी ती एकच संधी गेली ना? तोंड उघडलं आणि विचारलं, "कोलेस्टेरॉल तपासलंस का?" तू म्हणालास, "तपासलंय." झालं. दहा वर्षांचा प्रश्न, आणि मी तुझ्या रक्तावर नेऊन संपवला.

तू गेलास त्या दिवशी कागदपत्रांसाठी मी धावत होतो. खिडकीमागच्या माणसाने विचारलं, मयताचे तुम्ही कोण? मी 'सदीक' म्हटलं. मित्र. त्याने फॉर्मवरचे चौकोन पेनाने वरून खाली चाळले, तसा चौकोन त्यात नव्हता. मग माझ्याकडे बघून त्याने काहीच न लिहिता शिक्का मारला. एवढ्या वर्षांत या देशात माझं कुठलंही काम इतकं पटकन झालं नव्हतं, आणि मी मात्र खिडकीपाशी तसाच उभा राहिलो, मागच्या माणसाने 'यल्ला' म्हणेपर्यंत.

परवा तुझ्या घरी गेलो. वहिनी कायमच्या परत चालल्यात. तीन खोल्यांचं घर अकरा खोक्यांत भरत होतं. त्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, मी चिकटपट्टी लावत होतो आणि ती माझ्या बाहीला चिकटत होती. केतकी आता सोळा वर्षांची. तिने माळ्यावरून तो डॉल्फिन काढला आणि म्हणाली, "अंकल, धिस वॉज ऑलवेज सो लेम. बट ही वुडन्ट लेट मी थ्रो इट." आणि तो तिने कपड्यांच्या खोक्यात घातला. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. तुला विचारायचं होतं ते मी तुझ्या बायकोला विचारलं. म्हटलं, "वहिनी, ओमानला तो माझ्यामुळे गेला नाही. कधी बोलला का तुमच्याशी?"

वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "भावजी, ते जाणारच नव्हते. नारळी पौर्णिमा व्हायची होती."

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. तुझा धाकटा काका पुनवेच्या आधी होडी घेऊन गेला आणि आला नाही. तेव्हा तू बारा वर्षांचा. आईने तुझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली की नारळ सोडल्याशिवाय तू त्या समुद्रात पाय घालणार नाहीस. हे आखात चाललं, ती तळी. पण ओमानचं पाणी तेच, वेंगुर्ल्याचं. पौर्णिमेला अजून आठ-दहा दिवस होते. फैसलला कसं सांगणार? कुवेतमधला सगळ्यांत भारी माणूस आईच्या शपथेसाठी मागे राहतो, हे त्या पोरांना कुठल्या भाषेत समजावणार? पंधरा दिवस तू झोपला नव्हतास. "आणि मग तुम्ही ती चादर घेऊन आलात," वहिनी म्हणाल्या. "हे आत आले, गॅसपाशी उभे राहिले आणि म्हणाले, शुभा, सुटलो. मग देवापुढे साखर ठेवली. म्हणून चहाला उशीर झाला."

माझं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. दहा वर्षं जे मी तुझ्या आणि माझ्या मधलं समजत होतो, ते फक्त माझंच होतं, तिथे दुसरं कुणी नव्हतंच. आणि मग मला आठवलं.

ओमानच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. श्रावणातल्या संध्याकाळी तू मंगफच्या किनाऱ्यावर सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन उभा होतास. मी म्हटलं, तळ्यात नारळ? तू अगदी सरळपणे म्हणालास की होर्मुझातून जाईल तो आपल्याकडे, तूच नाही का नकाशा काढून दाखवलास. मी किती हसलो. आणि पुढच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मी तुझा नारळ इराणच्या हद्दीत अडवला, त्याचा पासपोर्ट तपासला, त्याला वेंगुर्ल्याच्या कस्टमवाल्यांसमोर उभा केला, तुझ्या आवाजात, तुझ्या हेलात. दोनशे माणसं हसून लोळली. तूही शेवटच्या रांगेत हसत होतास. नंतरच्या वर्षी मी विचारलं, नारळ? तू म्हणालास, बंद केलं. वहिनी म्हणतात, बंद नव्हतं केलं. दर वर्षी पहाटे एकटाच जाऊन यायचास.

एकटा. माझी गाडी खाली उभी असायची, मी तुला कुठेही न्यायला तयार होतो, आणि तू टॅक्सी करून जायचास.

मी चिकटपट्टी खाली ठेवली आणि वहिनींना विचारलं, "पण मला का नाही सांगितलं? मी मित्र ना त्याचा? एवढी वर्षं मी जिवाला लावून घेतलं, एकदा तरी सांगायचं."

वहिनी पातेल्यात वाट्या बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला? तुम्ही त्याचा किस्सा केला असतात, भावजी."